बातमीचे गिऱ्हाईक कोण?



आजच्या विषयाची सुरुवात पुण्यातल्याच एका जुन्या व्याख्यानापासून करू. १८ जानेवारी १९४३. न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१व्या जयंतीनिमित्त गोखले मेमोरियल हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. पुढे हे व्याख्यान ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने पुस्तिकारूपात आले. त्यात वृत्तपत्रांविषयी एक परिच्छेद आहे आणि तो आजही झोंबतो. त्याचा आशय असा: हिंदुस्थानात पत्रकारिता ही एकेकाळी वृत्ती होती, आता ती व्यापार झाली आहे. साबण तयार करणाऱ्या कारखान्यावर जेवढी नैतिक जबाबदारी असते, त्याहून अधिक तिच्यावर उरलेली नाही. निःपक्षपातीपणे बातमी देणे, चुकणाऱ्या मोठ्या माणसाला न भिता चूक दाखवणे हे तिचे काम. ते सोडून तिने विभूतिपूजा आरंभली आहे.

हे बोलणारा माणूस बाहेरून टीका करणारा नव्हता. त्याने स्वतः वृत्तपत्रे काढली होती, चालवली होती, पैशाअभावी ती बंद पडताना पाहिली होती. म्हणून साबणाची ही उपमा आम्हाला नुसत्या रागातून आलेली वाटत नाही. त्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे.

साबण विकणारा नफ्यासाठीच विकतो. तरी साबण चांगला निघतो, कारण वापरणाऱ्याला एका अंघोळीत कळते की फेस येतो की नाही. वाईट साबण दुसऱ्यांदा कोणी घेत नाही. मग बातमी नफ्यासाठी विकली तर ती चांगली का निघू नये? आणि निघत नसेल, तर नेमके कुठे बिनसते?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक तयार उत्तर असते. पूर्वीची पत्रकारिता ध्येयवादी होती, आताची धंदेवाईक आहे, झाले! आज आपण हे उत्तर जरा तपासून पाहणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, नफा वृत्तपत्रांच्या जन्मापासून त्यांच्या अवतीभवती आहे. म्हणून इतिहासाला विचारायचा प्रश्न ‘नफा होता की नाही’ हा नाही. ‘पैसे कोण देत होते’ हा आहे. वृत्तपत्राला आजवर तीन प्रकारची गिऱ्हाइके मिळाली. पहिला, बातमी वाचणारा. दुसरा, त्या वाचकापर्यंत पोचू पाहणारा जाहिरातदार. आणि तिसरा, ज्याच्याविषयी बातमी आहे तो स्वतः. गिऱ्हाईक बदलले की माल बदलतो. एवढे सूत्र धरून चालू.

दोन वृत्तपत्रे, वीस महिन्यांचे अंतर

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. संपादक बाळशास्त्री जांभेकर, ऐन विशीतले. एका बाजूला इंग्रजी मजकूर, दुसऱ्या बाजूला मराठी. आधी पाक्षिक, मग काही महिन्यांत साप्ताहिक. हेतू सरळ होता: इकडच्या लोकांना नव्या विद्या कळाव्यात आणि राज्यकर्त्यांना इकडच्या लोकांचे म्हणणे कळावे. वाचणारे मूठभर, वर्गणी भरणारे त्याहून कमी. साडेआठ वर्षे चालून १८४०मध्ये ते बंद झाले. पुढच्याच वर्षी भाऊ महाजनांनी ‘प्रभाकर’ काढले आणि लोकहितवादींची शतपत्रे त्यातच आली. ही सगळी पत्रे वर्गणीदारांच्या आणि चालवणाऱ्यांच्या खिशावर चालत होती. त्यातून कोणी श्रीमंत झाला नाही.

‘दर्पण’ निघाल्यावर वीस महिन्यांनी, ३ सप्टेंबर १८३३ला न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाच्या तरुण छापखानेवाल्याने ‘सन’ नावाचे दैनिक काढले. त्याच्या छापखान्याला पुरेसे काम मिळत नव्हते, हे त्यामागचे कारण! इतर दैनिके सहा सेंटला मिळत, व्यापाऱ्यांसाठी असत, आणि बरीचशी कुठल्या ना कुठल्या पक्षाच्या आधारावर उभी असत. डेने किंमत ठेवली एक सेंट. अंक विकायला रस्त्यावर पोरे उभी केली. पोलीस कोर्टात रोज काय चालते ते छापले: दारू पिऊन केलेली भांडणे, चोऱ्या, नवरा-बायकोचे तंटे. मजूर, कारकून, दुकानातले नोकर पहिल्यांदाच रोज वृत्तपत्र विकत घेऊ लागले.

यात एक मोठी गोष्ट घडली, ती नजरेआड करू नये. ज्या वृत्तपत्राला हजारो वाचक आणि शेकडो लहान जाहिरातदार मिळाले, त्याला पक्षाच्या पुढाऱ्याकडे हात पसरावा लागत नव्हता. म्हणजे नफ्याने वृत्तपत्राला एका मालकापासून मोकळे केले. आणि ज्याला कोणी वाचक समजत नव्हते त्याला वाचक केले.

पण त्याच ‘सन’ने दोनच वर्षांनी, ऑगस्ट १८३५मध्ये, काय केले ते पाहा. सर जॉन हर्शेल हे नामांकित खगोलशास्त्रज्ञ तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला राहून आकाशाचे निरीक्षण करत होते. त्यांच्या नावावर ‘सन’ने सहा भागांची लेखमाला छापली. चंद्रावर अरण्ये आहेत, रानगवे आहेत आणि वटवाघळासारखे पंख असलेली माणसेही आहेत! सगळे कपोलकल्पित. हर्शेल यांना त्याचा पत्ताही नव्हता. अंक हातोहात खपले, आणि जगात सर्वांत जास्त खप आमचाच, असा दावा ‘सन’ने केला. थाप उघडी पडल्यावरही पत्राने रीतसर माफी मागितली नाही. मोबाइलवर येणारी ‘वाचून थक्क व्हाल’ छापाची बातमी आपल्याला फार नवी वाटते. तिचे खापरपणजोबा चंद्रावरून आलेले आहेत.

म्हणजे पहिल्याच गिऱ्हाइकापाशी, वाचकापाशी, आपल्याला दोन्ही बाजू दिसल्या. वाचकाच्या पैशावर वृत्तपत्र स्वतंत्र होते आणि वाचकाच्याच पैशासाठी ते चंद्रावर माणसेही वसवते.

साठ वर्षांनी याच शहरात हा खेळ अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. जोसेफ पुलित्झर यांचे ‘वर्ल्ड’ आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचे ‘जर्नल’ यांच्यात खपाची चढाओढ लागली. फेब्रुवारी १८९८मध्ये हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. कारण कळण्याआधीच स्पेनला दोषी ठरवणारे मथळे झळकले. ‘पीत पत्रकारिता’ हा शब्द त्याच चढाओढीतून आला. पण त्याच वर्षी आणखी एक घटना घडली, ती सहसा सांगितली जात नाही. अॅडॉल्फ ऑक्स यांनी १८९६मध्ये डबघाईला आलेले ‘न्यूयॉर्क टाइम्स’ विकत घेतले होते. त्यांनीही १८९८मध्ये किंमत एक सेंटवर आणली. मजकूर मात्र शांत, तपासलेला ठेवला. वर्षभरात खप जवळपास तिप्पट झाला. ऑक्सही नफ्यासाठीच धंद्यात होते. फक्त विश्वास हाच आपला माल, असे त्यांनी ठरवले होते.

ध्येयवादाच्या भिंती

आता परत महाराष्ट्रात येऊ. नफ्याच्या मागे न लागलेली आपली वृत्तपत्रे आपोआप न्यायी होती का?

‘केसरी’चे मोठेपण सांगायला नको. १८८१मध्ये पत्र निघाले आणि दुसऱ्याच वर्षी कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात टिळक-आगरकरांनी १०१ दिवस डोंगरीचा तुरुंग भोगला. हे कोणी खपासाठी करत नाही. पण जानेवारी १९२०मध्ये आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले तेव्हा काय झाले? छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली म्हणून ते निघू शकले. ‘मूकनायक’ निघत असल्याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली होती. ती पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, असे खुद्द आंबेडकरांनी नोंदवून ठेवले आहे.

इथे क्षणभर थांबू. इथे नफ्याने बातमी अडवलेली नाही. उलट नफा समोर चालून आला होता आणि तो नाकारला गेला. दार अडवले होते जातीने. निव्वळ व्यापारी वृत्तीचा मालक असता तर त्याने पैसे घेऊन जाहिरात छापली असती. तेव्हा ‘पूर्वी ध्येय होते, आता धंदा आहे’ असे म्हणताना ते ध्येय कोणाचे होते आणि दाराबाहेर कोण उभे होते, हेही विचारावे लागते. ‘मूकनायक’ काही वर्षांतच बंद पडले. त्याआधी १८७७मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढलेले आणि पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेले ‘दीनबंधु’ही सतत पैशाच्या ओढाताणीत होते. ज्यांचा वाचक गरीब, त्यांचे वृत्तपत्र गरीब. हा नियम पुढे आपल्याला फार छळणार आहे.

‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात

१ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात नानासाहेब परुळेकरांनी ‘सकाळ’ सुरू केले. परुळेकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. दैनिक कसे चालते हे त्यांनी तिकडे पाहिले होते. मोठ्या अग्रलेखापेक्षा ताजी बातमी, पुढाऱ्याच्या भाषणाइतकीच गावातली घडामोड आणि सामान्य माणसाला कळेल अशी भाषा, हा त्यांचा भर. वृत्तपत्र स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहिले पाहिजे, असे त्यांचे मत होते. ‘दर्पण’ आणि ‘सन’ या दोन परंपरा इथे पुण्यात एकत्र आल्या, असे म्हणायला हरकत नाही.

याच ‘सकाळ’च्या निमित्ताने १९६१मध्ये नफा आणि बातमी यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हे प्रकरण जरा सावकाश पाहू, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टींचे मूळ त्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. त्याने १९५४मध्ये अहवाल दिला. आयोगाच्या लक्षात आले की मोठ्या वृत्तपत्रांना भरपूर जाहिराती मिळतात. त्या जोरावर ती कमी किमतीत जास्त पाने देतात. वाचक साहजिकच तिकडे जातो, वाचकामागे जाहिरात जाते आणि लहान पत्र गुदमरते. यावर तोडगा म्हणून किमतीनुसार पानांची संख्या ठरवून द्यावी, अशी शिफारस झाली. १९५६मध्ये तसा कायदा आला आणि १९६०मध्ये त्याखालचा आदेश निघाला.

‘सकाळ’ तेव्हा सोमवार ते शनिवार मिळून आठवड्याला ३४ पाने देत असे. किंमत ७ नवे पैसे. खप पन्नास हजारांवर. सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींची. नव्या आदेशाप्रमाणे ७ पैशांत फक्त २४ पाने देता येणार होती. म्हणजे एक तर पाने कमी करा, नाही तर किंमत वाढवा. ‘सकाळ’ने न्यायालयात सांगितले: पाने कमी केली तर मजकूर घटतो, किंमत वाढवली तर वाचक घटतो. दोन्हीकडून आमचे बोलणे आखडते. त्यांच्याबरोबर काही वाचकांनीही याचिका केल्या होत्या, हे विशेष.

सरकारचे म्हणणे होते की आम्ही विचारांवर बंधन घालत नाही, फक्त व्यापारातली गैरवाजवी स्पर्धा रोखतो. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते मान्य केले नाही. न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालात म्हटले गेले की किती लोकांपर्यंत पोचायचे हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. व्यापाराचे नियमन करण्याच्या नावाखाली त्यावर घाला घालता येणार नाही. कायदा आणि आदेश दोन्ही रद्द झाले.

निकाल तत्त्वाला धरून होता, असेच आम्हाला वाटते. सरकारच्या हातात पाने मोजण्याची कात्री देणे धोक्याचेच होते. आणि गंमत बघा, बलाढ्य पत्रांपासून ज्यांना वाचवायचे होते त्या भाषिक दैनिकांपैकीच एक कायद्याविरुद्ध उभे राहिले. तरीही आयोगाने दाखवलेले दुखणे खोटे नव्हते. औषध नाकारले गेले, दुखणे राहिले.

अकरा वर्षांनी ते पुन्हा समोर आले. कागदटंचाईचे कारण देऊन सरकारने मोठ्या दैनिकांना दहा पानांची मर्यादा घातली. १९७२च्या बेनेट कोलमन खटल्यात न्यायालयाने तीही रद्द केली. पण या वेळी न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी वेगळे मत नोंदवले. त्यांच्या विवेचनाचा रोख असा होता की वृत्तपत्रस्वातंत्र्य हे केवळ मालकाच्या बोलण्याचे स्वातंत्र्य नव्हे, लोकांना वेगवेगळ्या बाजू कळण्याचा हक्कही त्यात येतो. ते मत अल्पमतात राहिले. आजच्या आपल्या विषयाचा सगळा गाभा मात्र त्यात आहे.

वाचकच विकला जातो

आता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळू. जाहिरातदार वृत्तपत्राला नवा नव्हता. ‘सन’ही त्याच्याच जोरावर उभे होते. आपल्याकडच्या जुन्या पत्रांतही ताकदीच्या औषधांच्या जाहिराती ओळीने असत. फरक पडला तो प्रमाणात.

१९९०नंतर बाजार खुला झाला. मोटारी, टीव्ही, कर्जे, घरे, सगळ्यांना गिऱ्हाईक हवे होते. १९९४मध्ये दिल्लीत ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने अंकाची किंमत उतरवली आणि इतरांना तोच मार्ग धरावा लागला. अंक छापायला जेवढा खर्च येतो त्याच्या कितीतरी कमी किमतीत तो घरात पडू लागला. आपल्यालाही बरे वाटले. महिन्याच्या शेवटी रद्दीवाला त्यातले काही पैसे परतही देई. पण आपण पैसे देत नव्हतो, तर कोण देत होते? आणि ते कशाचे?

२०१२मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या केन ऑलेटा यांना या समूहाचे विनीत जैन यांनी स्वच्छ सांगितले की आपण वृत्तपत्राच्या नव्हे, जाहिरातीच्या धंद्यात आहोत. उत्पन्नाचा नव्वद टक्के वाटा जाहिरातींचा असेल तर धंदा जाहिरातीचाच म्हणायचा, असा त्यांचा हिशेब. अनेकांना हे खटकले. आम्हाला त्यातला प्रामाणिकपणा उपयोगी वाटतो. कारण या व्यवहारात वाचक हे गिऱ्हाईक राहत नाही, तोच माल होतो. वाचक जमवायचा आणि जाहिरातदाराला विकायचा. आणि माल म्हटला की प्रत आली. खरेदी करू शकणारा वाचक अव्वल प्रतीचा, न करू शकणारा दुय्यम.

याचा बातमीवर परिणाम काय झाला? पी. साईनाथ यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. २००६मध्ये मुंबईतल्या एका फॅशन वीकला पाचशेहून अधिक पत्रकारांची नोंदणी झाली होती. तिथे सुती कपडे दाखवले जात होते. त्याच सुमारास तो कापूस पिकवणारा विदर्भातला शेतकरी आत्महत्या करत होता. ते पाहायला बाहेरून गेलेले राष्ट्रीय पातळीवरचे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. विदर्भातली मराठी दैनिके मात्र या बातम्या देत होती. त्यांच्या वार्ताहरांचे काळीज मोठे होते म्हणूनच, असे नाही. त्यांचा वाचक त्याच गावात होता, हे मुख्य कारण. गिऱ्हाईक कुठे बसले आहे यावर बातमी कुठून येणार हे ठरते.

इथे कोणी कोणाला फोन करून बातमी दाबा असे सांगत नाही. तशी गरजच पडत नाही. शेतीचा वार्ताहर निवृत्त झाला की त्याची जागा भरली जात नाही. कामगारांच्या बातम्या बघणारा माणूस दुसऱ्या कामाला लावला जातो. पुरवण्या वाढतात: घरांची, गाड्यांची, सौंदर्याची. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर व्यवहाराला धरून असतो. पंधरा वर्षांनी मागे वळून पाहिले की कळते, अर्धा महाराष्ट्र पानांतून गेलेला आहे.

यापुढची पायरी म्हणजे कंपनीने वृत्तसमूहाला रोख पैशाऐवजी आपले समभाग द्यायचे आणि बदल्यात जाहिरात मिळवायची. ज्या कंपनीत आपला हिस्सा आहे तिच्याविषयी वृत्तपत्र निर्भीडपणे कसे लिहिणार? ही शंका बाजार नियामक ‘सेबी’लाही आली. असा हिस्सा असेल तर तो वाचकांना उघड सांगावा, असे २०१०मध्ये ठरवून द्यावे लागले.

तिसरे गिऱ्हाईक

आणि आता तिसरा व्यवहार. ज्याच्याविषयी बातमी, तोच गिऱ्हाईक.

१३ ऑक्टोबर २००९ला महाराष्ट्र विधानसभेचे मतदान झाले. ३० नोव्हेंबरला साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये लिहिले की मतदानाआधीच्या दिवसांत तीन प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा आला होता. कुठेही ‘जाहिरात’ असे लिहिलेले नव्हते. उमेदवाराने दाखल केलेल्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पैसे दिल्या-घेतल्याचा आरोप संबंधितांनी नाकारला. पाच वर्षे कायद्याची लढाई चालली. निवडणूक आयोगाने २०१४मध्ये हिशेब योग्य रीतीने दिला नसल्याचा निष्कर्ष काढला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. तेव्हा त्या प्रकरणात दोष सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही, आणि आम्ही तसे म्हणतही नाही.

पण प्रश्न एका उमेदवाराचा नव्हताच. भारतीय वृत्तपत्र परिषदेने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांना चौकशीला नेमले. त्यांनी देशभरची उदाहरणे आणि नावे असलेला सविस्तर अहवाल २०१०मध्ये दिला. परिषदेने मात्र छोटी, नावे गाळलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला माहिती अधिकाराखाली अर्ज आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला, तोही २०११मध्ये. दुसऱ्यांची गुपिते छापणाऱ्या धंद्याला स्वतःचे गुपित छापवेना! त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना अशाच मजकुराचा खर्च न दाखवल्याबद्दल निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. या कारणावरून अपात्र ठरलेल्या त्या देशातल्या पहिल्या आमदार.

आपल्याकडे याला एक साधा शब्द रूढ झाला: पॅकेज. ‘पॅकेज घेतलं का?’ एवढे विचारले की तालुक्याच्या गावातही सगळ्यांना कळते. सभेचे वृत्त, घरोघरी प्रचाराचे छायाचित्र, विजयाचा अंदाज, सगळे ठरलेल्या दरात. यातले सर्वांत मोठे नुकसान छापलेल्या खोट्याने होत नाही, न छापलेल्या खऱ्याने होते. ज्या उमेदवाराकडे पैसे नाहीत त्याची सभा कितीही मोठी झाली तरी ती झालीच नाही. वाचणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग नाही. मतदानाच्या रांगेत उभी असलेली बाई समजते की आपण चारही जणांविषयी वाचले, तुलना केली. खरे तर तिच्यापुढे एकाचेच म्हणणे चार तोंडांनी आलेले असते.

साबणाची उपमा इथे तुटते. साबण वाईट आहे हे वापरणाऱ्याला कळते. विकलेली बातमी वापरून झाली तरी कळत नाही. उलट ती जेवढी खऱ्यासारखी दिसेल तेवढी तिची किंमत जास्त. जाहिरातीला निदान चौकट असते. चौकट काढून टाकण्याचेच इथे पैसे असतात.

हे सगळे वरच्या मालकांवर ढकलूनही चालणार नाही. तालुक्याचा वार्ताहर बघा. अनेक ठिकाणी त्याला पगार नसतो, नाममात्र मानधन असते. खरी मिळकत त्याने आणलेल्या जाहिरातींच्या कमिशनवर. जाहिराती कोण देणार? साखर कारखाना, पतसंस्था, बाजार समिती, शिक्षणसंस्था आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या पानासाठी पुढारी. आणि बातमी कोणाविषयी लिहायची? याच सगळ्यांविषयी! पतसंस्थेत घोटाळा झाला तर लिहिणाऱ्याचे दिवाळीचे उत्पन्न जाते. तरीही आपल्याकडचे कितीतरी वार्ताहर लिहितात. व्यवस्था त्यांना रोज न लिहिण्याचे पैसे देऊ करते आणि ते लिहितात. त्यांचे मोल यावरून करावे.

शेवटी

मग यातून आपण काय घ्यायचे? आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

एक, नफा नको म्हणून प्रश्न सुटत नाही. नफा नसलेल्या पत्राला संस्थानिक, पक्ष किंवा सरकारी जाहिरात यांच्या दारात उभे राहावे लागते, आणि तिथेही अटी असतात. इंग्लंडमधल्या ‘गार्डियन’ने १९३६पासून स्कॉट ट्रस्ट हा मार्ग काढला: मालकी विश्वस्तांकडे, नफा झाला तर तो पुन्हा पत्रकारितेत. तरीही त्यांना उत्पन्नाची चिंता सुटलेली नाही. पण नफ्याची ओढ संपादकाच्या खोलीच्या बाहेर थांबवता येते, हे त्यावरून दिसते.

दोन, एकाच गिऱ्हाइकावर उभे राहणे धोक्याचे. मग तो जाहिरातदार असो, सरकार असो, की आता मोबाइलवर बातमी पोचवणाऱ्या बड्या कंपन्या. हजार ठिकाणांहून थोडे थोडे आले तर कोणी एक जण गळा धरू शकत नाही.

तीन, चौकट. पैसे घेतले तर घेतले म्हणून छापा. हिस्सा असेल तर सांगा. एवढे साधे पथ्य पाळले असते तरी २००९चे निम्मे पाप टळले असते.

आंबेडकरांचे ते वाक्य आपण निराशेचे म्हणून वाचतो. आम्हाला ते हिशेबाचे वाटते. साबणवाल्याला आपण साबणाचे पैसे देतो, म्हणून तो आपले ऐकतो. बातमीचे पैसे दुसऱ्याने भरायचे आणि निष्ठा मात्र आपल्याशी ठेवायची, असा व्यवहार कुठल्याच बाजारात टिकत नाही.

*व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी एक:*

*प्रश्न: म्हणजे आम्ही वर्गणी भरली की बातमी सुधारेल, असे म्हणायचे आहे का?*

उत्तर: तेवढ्याने नाही. चंद्रावरच्या माणसांची बातमी वाचकांनीच पैसे देऊन घेतली होती, हे विसरू नका. वर्गणी भरणारा वाचक फक्त तक्रार करण्याचा हक्क मिळवतो. तो हक्क वापरला पाहिजे. पत्र लिहा, चूक दाखवा, दुरुस्ती मागा. ‘सकाळ’च्या खटल्यात काही वाचक स्वतःच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले होते. आपल्याला एवढे लांब जायची गरज नाही. पण ज्या वार्ताहराने पतसंस्थेची बातमी दिली, त्याला दुसऱ्या दिवशी दोन वाचकांनी फोन करून ‘चांगलं केलंत’ म्हटले, तर तिसरी बातमी लिहिताना त्याला तो फोन आठवतो. एवढे तर आपल्या हातात आहे.